हेन्री फोर्ड यांची पदके

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



या समारंभात पाहुण्याने मुलांना चार उपदेशाचे शब्द सांगावेत, असा प्रघात आहे. उपदेश ऐकून मुले कंटाळतात आणि तो करणाराही आतून संकोचतो. म्हणून आज उपदेश बाजूस ठेवून एका माणसाची हकीकत सांगावी, असे आम्ही योजिले आहे. समोरच्या मेजावर मखमली डब्यांत पदके मांडून ठेविली आहेत. ती पाहता पाहताच हा विषय सुचला. हकीकत आहे अमेरिकेतील मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांची, आणि तीही त्यांच्या संपत्तीची नव्हे, तर त्यांना मिळालेल्या पदकांची व मानसन्मानांची.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले आहे, ते आरंभीच सांगतो. आपल्या ज्ञातीतील एका सद्गृहस्थांनी मंडळास एक रक्कम देऊ केली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी परीक्षेत सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्या मुलास अथवा मुलीस सुवर्णपदक द्यावे, अशी त्यांची इच्छा आहे. अट एकच आहे. ज्या घरात ज्ञातीबाहेर विवाह झाला असेल, त्या घरातील मुलाचा पदकासाठी विचार होऊ नये. देणगीदारांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. ज्ञातीवरील प्रेमापोटीच त्यांनी हे योजिले आहे. तथापि कार्यकारिणीने सभासदांची मते मागविली आहेत, आणि आम्हीही एक सभासद आहोत. आमचे मत शेवटी सांगू. तत्पूर्वी फोर्ड यांची गोष्ट ऐकावी.

हेन्री फोर्ड यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतीत मन रमेना, म्हणून १८७९ मध्ये ते डेट्रॉइट शहरी गेले आणि यंत्रशाळेत उमेदवारी करू लागले. पुढे १८९१ मध्ये विजेच्या कंपनीत त्यांना नोकरी लागली. दिवसा नोकरी आणि रात्री घरामागच्या खोपटात खटपट, असा क्रम चालवून जून १८९६ मध्ये त्यांनी आपली पहिली चारचाकी गाडी रस्त्यावर आणली. त्यानंतर लगेच यश आले असे मात्र नाही. १८९९ मध्ये उभी राहिलेली पहिली कंपनी दोन वर्षांत मोडली, आणि दुसऱ्या कंपनीतून त्यांना बाहेर पडावे लागले.

त्यांना मिळालेले पहिले मोठे पारितोषिक याच पडत्या काळातले. १० ऑक्टोबर १९०१ रोजी डेट्रॉइटजवळ ग्रोस पॉइंट येथे मोटारींची शर्यत झाली. प्रतिस्पर्धी होते त्या काळचे नामांकित मोटारकार अलेक्झांडर विंटन. फोर्ड यांना मागे कोणी ओळखत नव्हते, आणि त्यांनी शर्यत जिंकली. रोख रकमेबरोबर कोरीव काचेचे एक मोठे पात्र त्यांना बक्षीस मिळाले. त्या पात्रामागे कोणाची शिफारस नव्हती, कुळ नव्हते, पक्ष नव्हता. गाडी पुढे गेली, म्हणून बक्षीस मिळाले. अशा बक्षिसाइतके निर्मळ बक्षीस दुसरे नसते.

पुढची कथा जगजाहीर आहे. १६ जून १९०३ रोजी बारा भागधारकांच्या साहाय्याने फोर्ड मोटार कंपनी स्थापन झाली. १९०८ मध्ये 'मॉडेल टी' ही गाडी निघाली. १९१३ मध्ये हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडीची जोडणी सुरू झाली. एका सांगाड्याच्या जोडणीस पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासाच्या आसपास होऊ लागले. कामगाराने गाडीकडे जावयाचे नाही, गाडीच कामगारापुढे येते, एवढी साधी ही युक्ती, परंतु तिने सगळ्या जगाचे कारखाने बदलून टाकले. आरंभी साडेआठशे डॉलरच्या आसपास पडणारी गाडी १९२५ च्या सुमारास दोनशे साठ डॉलरपर्यंत मिळू लागली. १९२७ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या. १९२६ मध्ये तर या कंपनीची शाखा आपल्या मुंबईतही आली.

जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसास पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. तोवरच्या मजुरीच्या हे दुपटीहून अधिक होते. मात्र या औदार्यासही एक अट होती. पाच डॉलरांतील मोठा भाग 'नफ्याची वाटणी' म्हणून होता, आणि तो मिळण्यास कामगाराची राहणी कंपनीच्या पसंतीस उतरावी लागे. त्यासाठी निरीक्षक घरोघर जात, घर स्वच्छ आहे काय, मालक दारू पितो काय, पैसा शिल्लक टाकतो काय, याच्या नोंदी करीत. देणारा जेव्हा घेणाऱ्याच्या घरात डोकावू लागतो, तेव्हा देण्याचे स्वरूप थोडे पालटते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

अशा माणसाकडे मानसन्मान चालत आले, यात नवल नाही. १९२६ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना अभियांत्रिकीची सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. शाळेचे शिक्षण बेताचेच झालेल्या शेतकरीपुत्रास हा मान मिळावा, हे त्या विद्यापीठासही भूषणावह होते. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेने आपले एलियट क्रेसन सुवर्णपदक त्यांना अर्पण केले. १९३६ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने हॉली पदक दिले, आणि त्याच सुमारास इंग्लंडातील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचे जेम्स वॅट आंतरराष्ट्रीय पदकही त्यांच्याकडे आले. वाफेच्या यंत्राच्या सुधारकाच्या नावाचे पदक मोटारीच्या कारखानदारास मिळावे, हा मोठाच योग होय. या सर्व पदकांविषयी कोणी कधी कुरकुर केली नाही. ती कामाबद्दल होती आणि काम सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

आता आम्ही या हकीकतीच्या दुःखद भागाकडे वळतो.

फोर्ड यांच्या मालकीचे डिअरबॉर्नमधून निघणारे एक साप्ताहिक होते. मे १९२० पासून त्यात ज्यू लोकांच्या विरुद्ध एक लेखमाला सुरू झाली. जगातील युद्धे, महागाई, नीतीचा ऱ्हास या सर्वांच्या मुळाशी ज्यू आहेत, असा तिचा सूर होता. लागोपाठ एक्क्याण्णव अंक हे लेख चालले. फोर्ड गाड्या विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी या पत्राचेही वर्गणीदार मिळवावेत, असा आग्रह असे. पुढे लेखांचे ग्रंथ निघाले आणि जर्मन भाषेत त्यांचे भाषांतर झाले.

ज्यू लोक आपणांस परके नाहीत. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला. तेलाचा घाणा चालवावयाचा आणि शनिवारी तो बंद ठेवावयाचा, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. कोकणातील गावांनी त्यांच्यापासून कधी भय मानले नाही आणि त्यांनाही कोणी भय घातले नाही. मग मोटारीतील प्रत्येक खिळा स्वतः तपासून पाहणाऱ्या फोर्ड यांनी एका सबंध समाजाविषयीची ऐकीव गोष्ट न तपासता का स्वीकारावी? आणि नवल असे की, त्यांचा हायलंड पार्कचा प्रसिद्ध कारखाना ज्यांनी बांधला, ते वास्तुशिल्पी आल्बर्ट कान हे जर्मनीत जन्मलेले ज्यू, एका रब्बीचे पुत्र होते. कामाच्या वेळी फोर्ड माणसाचे कसब पाहत. लिहिण्याच्या वेळी मात्र त्याचा जन्म पाहू लागले.

या प्रसंगी एका माणसाचे वर्तन आम्हांस फार मोठे वाटते. डेट्रॉइट शहरी लिओ फ्रँकलिन नावाचे एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. ते एके काळी फोर्ड यांचे शेजारी होते, आणि फोर्ड त्यांना दरवर्षी स्नेहाने एक नवी गाडी भेट देत. लेखमाला सुरू झाल्यावर जून १९२० मध्ये रब्बी फ्रँकलिन यांनी ती गाडी पत्रासह परत पाठविली. ज्या हाताने माझ्या समाजाची नालस्ती होते त्या हाताची भेट मी घेऊ शकत नाही, असा त्या कृतीचा अर्थ होता. फोर्ड यांना याचे आश्चर्य वाटले. आपले भांडण समाजाशी आहे, शेजाऱ्याशी नाही, अशी त्यांची समजूत असावी. ज्यांना कोणी 'तुम्ही तसे नाही हो, पण तुमची माणसे...' असे ऐकविले आहे, त्यांना या समजुतीचा बोचरेपणा सांगावयास नको.

१९२७ मध्ये फोर्ड यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा चालला. त्या वर्षी त्यांच्या नावाने जाहीर माफी प्रसिद्ध झाली आणि वर्षअखेर ते साप्ताहिक बंद पडले. परंतु छापलेला शब्द माफीने पुसला जात नाही. जर्मनीत ते ग्रंथ खपतच राहिले. नाझी पक्षाच्या युवकसंघटनेचा प्रमुख बाल्डुर फॉन शिराख याने पुढे १९४६ मध्ये न्युरेंबर्गच्या न्यायालयात सांगितले की, तरुणपणी फोर्ड यांचे पुस्तक वाचूनच आपण ज्यूद्वेष्टे झालो.

आणि मग तो दिवस आला. ३० जुलै १९३८ रोजी फोर्ड यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी त्यांच्या डिअरबॉर्नच्या कचेरीत जर्मनीचे वाणिज्यदूत आले आणि त्यांनी हिटलरच्या वतीने 'जर्मन गरुडाचा महाक्रूस' हे सन्मानचिन्ह त्यांच्या अंगावर चढविले. परदेशी व्यक्तींसाठी हा सन्मान १९३७ मध्येच निर्माण झाला होता आणि त्याची ही सर्वोच्च श्रेणी मिळणारे फोर्ड हे पहिलेच अमेरिकन ठरले. पांढऱ्या मिन्याचा क्रूस, त्याच्या कोनांत गरुड आणि गरुडाच्या पायांत स्वस्तिक, असे ते चिन्ह होते. आपण उंबऱ्यावर रांगोळीने काढतो ते मंगल स्वस्तिक नव्हे. ज्या खुणेने लाखो घरांचे उंबरे उजाड व्हावयाचे होते, ती ही खूण होती.

अमेरिकेत टीकेचा गदारोळ उठला. नाट्यकलावंतांपासून सरकारातील मंत्र्यांपर्यंत अनेकांनी जाहीर निषेध केला. पदक स्वीकारले म्हणजे नाझी मताशी सहमत झालो असे नव्हे, असा फोर्ड यांचा खुलासा होता. जर्मन जनतेची ती भेट आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजी, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि हजारो माणसे छावण्यांत डांबली गेली. यानंतर तरी पदक परत करावे, असे कोणासही वाटले असते. फोर्ड यांनी ते परत केले नाही, शेवटपर्यंत केले नाही.

ते करता आले नसते काय? आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांनाही १९३७ मध्ये बर्लिन येथे याच गरुडाचे पदक मिळाले होते. जून १९४० मध्ये वॉटसन यांनी ते परत पाठविले. उशीर झाला होता खरा, पण पाठविले. म्हणजे मार्ग उघडा होता, आणि एका उद्योगपतीने तो चोखाळून दाखविला होता.

आपल्या देशास तर हा मार्ग पूर्वीच ठाऊक होता. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर मे १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी 'सर' हा किताब टाकला. महात्मा गांधींना दक्षिण आफ्रिकेतील सेवेबद्दल कैसर-ई-हिंद सुवर्णपदक आणि युद्धांतील शुश्रूषेबद्दल आणखी दोन पदके मिळाली होती. १ ऑगस्ट १९२० रोजी, ज्या दिवशी मुंबईत लोकमान्यांनी देह ठेविला त्याच दिवशी, गांधीजींनी ती तिन्ही पदके व्हाइसरॉयकडे परत पाठविली. विचार करा, रब्बी फ्रँकलिन यांनी गाडी परत केली तो जून आणि गांधीजींनी पदके परत केली तो ऑगस्ट, एकाच वर्षाचे हे महिने. दोघे एकमेकांस ओळखत नव्हते. दोघांची कसोटी मात्र एकच होती. देणाऱ्याच्या हातून अन्याय होत असेल, तर त्याच्या हातचा मान पेलवत नाही.

या कथेचा शेवट मोठा विलक्षण आहे. जुलै १९४१ मध्ये फोर्ड यांनी गांधीजींना आदराचे एक पत्र लिहिले. एका भारतीय पत्रकाराकरवी ते गांधीजींना डिसेंबरमध्ये मिळाले. त्या वर्षांत गांधीजींचे वास्तव्य आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामी असे. उत्तरादाखल गांधीजींनी आपल्या सहीचा एक चरखा फोर्ड यांना पाठविला. युद्धकाळातील समुद्रप्रवास करून तो डिसेंबर १९४२ मध्ये डिअरबॉर्नला पोहोचला. जगातील सर्वांत मोठ्या यंत्रशाळेच्या मालकास जगातील सर्वांत साधे यंत्र भेट मिळाले. त्याच्यासोबत मानपत्र नव्हते आणि अटही नव्हती. शुभचिन्ह म्हणून फोर्ड यांनी तो जपला, असे सांगतात. ७ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुरामुळे त्या रात्री घरातील वीज गेली होती, म्हणून कारखान्यांच्या या सम्राटाने मेणबत्त्यांच्या उजेडात प्राण सोडला.

फोर्ड यांना दुर्जन ठरविण्यासाठी आम्ही हे सांगितले नाही. त्यांनी सामान्य माणसास मोटार दिली, अपंगांना हजारोंनी काम दिले, हे खरेच आहे. पण क्रेसन पदक, हॉली पदक, वॅट पदक ही आज अभियंत्यांखेरीज कोणाच्या स्मरणात आहेत? फोर्ड यांच्या पदकांचा विषय निघाला की एकच पदक आठवते, ते १९३८ चे. कष्टाने मिळविलेल्या सर्व मानांवर एका न टाकलेल्या मानाची छाया पडली. त्यांनी माणसाचे मोल जन्मावरून ठरविले, म्हणून तसेच मोल ठरविणाऱ्यांचे पदक त्यांच्याकडे चालत आले. वाट त्यांनीच दाखविली होती.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. कोणी म्हणेल, आपले मंडळच जन्माच्या नात्यावर उभे आहे, मग अटीस नावे का ठेवावीत? आक्षेप रास्त आहे. परंतु आपल्या पूर्वजांनी मंडळ काढले ते गावाकडून शहरात आलेल्या मुलास राहावयास खोली मिळावी, फीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, विधवेच्या घरी चूल पेटावी, यासाठी. आपल्या माणसास हात देणे, एवढाच त्यात भाव होता. दुसऱ्यास कमी लेखणे त्यात नव्हते. या दोन गोष्टींमधील रेषा बारीक आहे, आणि ती ओलांडली जात आहे हे ओलांडणाऱ्यास पुष्कळदा कळत नाही. फोर्ड यांनाही शेजाऱ्याची गाडी परत आली तेव्हा ते कळले नव्हते.

ज्या मुलीने दिव्याखाली बसून अभ्यास केला आणि पहिला क्रमांक मिळविला, तिच्या काकाने अथवा बहिणीने कोणाशी लग्न केले याचा तिच्या गुणांशी काय संबंध? तिला पदक नाकारले, तर ते दुसऱ्या क्रमांकाच्या मुलास जाईल. तो मुलगा ते घरी नेईल आणि मोठेपणी त्याला समजेल की, हे आपल्या गुणांचे नसून दुसरीच्या घराच्या तपासणीचे आहे. आपण त्याच्या हाती काय दिले असे होईल? मुलांच्या घरांची अशी तपासणी करणारे निरीक्षक मंडळाने नेमावेत काय?

आमचे मत असे की, कार्यकारिणीने त्या सद्गृहस्थांच्या घरी जावे, त्यांचा मान राखून, त्यांच्याजवळ बसून, अट काढून टाकण्याची विनंती करावी. ते ज्ञातीवर प्रेम करणारे आहेत, आमची खात्री आहे की ते ऐकतील. न ऐकल्यास मंडळाने ती रक्कम नम्रपणे परत करावी. सोन्याच्या पदकावाचून आपली मुले शिकली आहेत आणि पुढेही शिकतील. चांदीचे पदक असेल तर चांदीचे, नसेल तर पुस्तक आणि श्रीफळ. पण त्यावर कोरलेला शब्द खरा असावा.

आणि मुलांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. आज हाती येणारे पदक तुमच्या कष्टाचे आहे, ते आनंदाने घ्या, आईवडिलांच्या हाती द्या, देवापुढे ठेवा. पुढे तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा आणखी मान चालून येतील. त्या वेळी पदकाचे वजन पाहण्यापूर्वी ते देणारा हात पाहा, आणि तो हात कोणाच्या छातीवर ठेवलेला तर नाही ना, हेही पाहा. तसे दिसले तर नम्रपणे परत करा. रब्बी फ्रँकलिन यांनी परत केलेली गाडी शंभर वर्षांनंतरही लोकांच्या स्मरणात आहे.